ब्रह्मनाळ : शेवटचे शंभर तास

८ ऑगस्ट २०१९, गुरुवार. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत तीसेक माणसे होती. त्यांतली १७ गेली आणि त्यांत बायका-मुलेच जास्त होती. वेळ होती सकाळी साडेनऊच्या आसपास. पुढचे तास तीच वेळ धरून मोजले आहेत.

बोट उलटायला काही क्षण पुरले असतील. पण तीस माणसांना एकाच वेळी त्या एका बोटीत बसावे लागले, ही स्थिती यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत गावाबाहेर पडायच्या वाटा एकामागून एक मिटत गेल्या. आधी रस्ता गेला, मग ट्रॅक्टर जाईनासा झाला, आणि शेवटी उरली ती बोट.

रविवार, ४ ऑगस्ट, पहाट. उरले १०० तास

पाऊस घाटमाथ्यावर होता. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पट्ट्यात आठवडाभर धार तुटली नव्हती. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४० टीएमसी. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही सातारा जिल्ह्यातली धरणेही भरत होती. ऑगस्टच्या त्या पहिल्या आठवड्यात धरणांचे दरवाजे उचलण्यावाचून इलाज राहिला नाही.

कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिथून सांगलीकडे निघते. हा प्रवास काही तासांचा नाही. कोयनानगरला सुटलेले पाणी सांगलीला पोचेपर्यंत एक दिवस मोडतो, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. म्हणजे रविवारी ब्रह्मनाळच्या माणसाने नदीवर जाऊन जे पाणी पाहिले, ते शनिवारचे होते. रविवारचे पाणी अजून वाटेत होते.

ब्रह्मनाळला आणखी एक नदी आहे, येरळा. खटाव तालुक्यात उगम पावणारी ही दुष्काळी भागातली नदी वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते. २०१९ च्या उन्हाळ्यात तिच्या वरच्या खोऱ्यात टँकर आणि चारा छावण्या चालू होत्या. ती कृष्णेला मिळते ब्रह्मनाळजवळ. कृष्णा फुगली की तिचे पाणी येरळेच्या पात्रात उलटे शिरते. पात्र जितके कोरडे असेल तितकी आत शिरायला जागा जास्त. गावाच्या एका बाजूला महापूर असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच पुराचा फुगवटा. ज्या नदीचे पाणी प्यायलाही पुरत नाही, तीच अशा वेळी गावाची मागची वाट अडवते.

सोमवार, ५ ऑगस्ट, सकाळ. उरले ७२ तास

श्रावणी सोमवार आणि त्याच दिवशी नागपंचमी. टीव्हीवर मात्र दिवसभर काश्मीर होते. ३७० व्या कलमाचा निर्णय त्याच दिवशी संसदेत मांडला गेला. कृष्णाकाठचे पाणी बातम्यांच्या पट्टीत खालून सरकत होते.

या भागात पाण्याचे माप एकच, सांगलीचा आयर्विन पूल. १९२९ साली सांगली संस्थानाने बांधलेल्या या पुलाच्या खांबावरचे फूट सगळ्या कृष्णाकाठाला तोंडपाठ असतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ‘आयर्विनला किती झालं?’ हा प्रश्न भिलवडीत, अंकलखोपला, डिग्रजला सारखाच विचारला जातो. आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल, याचे गणित लोक त्या आकड्यावरून मांडतात.

हे गणित २००५ चे होते. त्या वर्षी पाणी ५४ फुटांच्या जवळ गेले होते. कुठल्या आळीपर्यंत आले, मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीवर थांबले, कोणाच्या गोठ्यात शिरले, हे घराघरांत ठाऊक होते. चौदा वर्षे तीच खूण शेवटची मानली गेली. ‘पाच सालीसुद्धा इथवर आलं नव्हतं’ असे म्हणणारा माणूस अडाणी नव्हता. स्वतः पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या आधारावर तो बोलत होता. त्याच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता आणि त्याच्या दारात येऊन कोणी तो दिलाही नाही.

सोमवारी बहुतेक गावांतून रस्त्याने निघता येत होते. पण निघायचे म्हणजे जनावरांसह. पलूस तालुका उसाचा, द्राक्षांचा आणि दुधाचा. दारात दोन म्हशी आणि एक कालवड असलेले घर नुसते कुलूप लावून निघत नाही. म्हैस बोटीत बसत नाही. तिला रस्ता लागतो, आणि रस्ता असताना निघायचे तर पाणी दारात येण्याच्या दोन दिवस आधी निघावे लागते. पाणी दिसत नसताना दावे सोडायला घरातला कोणी तयार होत नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट, सकाळ. उरले ४८ तास

पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. तो पुढे जवळजवळ आठवडाभर बंदच राहिला. दूध, डिझेल, औषधे आणि बचावाच्या बोटी, सगळे ज्या रस्त्याने यायचे तोच तुटला. सांगली शहरात पाणी बाजारपेठेत शिरत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या, लष्कर आणि नौदल यांना बोलावणे गेले. पण आता मागणी दोन जिल्ह्यांतून एकदम आली होती. कोल्हापूरला शिरोळ, करवीर, हातकणंगले. सांगलीला शहर, मिरज, पलूस, वाळवा. ज्या गावाचा फोन लागत होता त्याचा नंबर आधी लागत होता.

पलूसच्या नदीकाठी भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, सुखवाडी, ब्रह्मनाळ ही गावे एकामागे एक. उसाच्या फडांमधून जाणारे रस्ते सखल. ओढ्यावरच्या छोट्या पुलावर पाणी चढू लागले की मोटारसायकल थांबते, मग जीप थांबते. ट्रॅक्टर थोडा वेळ तग धरतो. ट्रॉलीत म्हातारी माणसे, धान्याची पोती, गॅसच्या टाक्या घालून कित्येक गावांनी त्या दिवशी खेपा केल्या. सायलेन्सरपर्यंत पाणी आले की ट्रॅक्टरही संपला.

आता नाव. कृष्णाकाठाला ती नवी नाही. औदुंबरच्या दत्ताला भिलवडीच्या बाजूने नावेतून जाण्याची वहिवाट जुनी आहे. सांगलीच्या पात्रात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठ माणसांनी भरतो. जुन्या पुरांत गूळ कढवण्याच्या काहिलीत माणसे बसवून पैलतीरी नेल्याच्या आठवणी या भागातले म्हातारे सांगतात. नदीवरच्या नावा पूर्वी ठेक्याने दिल्या जात. मुंबई इलाख्यात त्यासाठी १८६८ पासून कायदा होता. नावाडी ठरलेला, घाट ठरलेला. किती माणसे घ्यायची, वारा आणि धार पाहून निघायचे की नाही, हे तोच ठरवी. त्याने ‘बस्स, आता पुढच्या खेपेला’ म्हटले की पाटलालाही काठावर उभे राहावे लागे. पूल झाले, एसटी आली, तसे हे घाट ओस पडले. पाण्याची ओळख असणारा आणि माणसांना नाही म्हणू शकणारा नावाडीही त्यांच्याबरोबर दिसेनासा झाला.

हा फरक सातारा जिल्ह्यात आजही पाहायला मिळतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोली, कांदाटी खोरे इथल्या लोकांना लाँचवाचून चालत नाही. बाजार, दवाखाना, शाळा, सगळे पाण्यावरून. तिथला तांडेल रोज तेच पाणी कापतो. कुठे बुंधे बुडाले आहेत, दुपारनंतर वारा कुठून येतो, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. त्याच धरणाचे पाणी खाली ब्रह्मनाळला आले तेव्हा त्यावर चालणारी बोट वर्षानुवर्षे एखाद्या पुरापुरती बाहेर निघणारी होती.

बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळ. उरले २४ तास

मंगळवारची रात्र आणि बुधवार या काळात २००५ ची खूण बुडाली. हा या घटनाक्रमातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. त्या खुणेपर्यंत लोकांजवळ अनुभव होता. तिच्यावर चढलेले पाणी कुठे थांबणार, हे आता कोणालाच सांगता येईना. माळ्यावर, गच्चीवर, शाळेच्या वरच्या मजल्यावर थांबू म्हणणाऱ्यांचा धीर इथे सुटला.

कोयनेचा विसर्ग लाख क्युसेकच्या पुढे गेला होता. खाली हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा, दोन्ही दुथडी वाहत होत्या. त्यामुळे कृष्णेचे पाणी पुढे सरायला जागा मागत होते. सांगली परिसरात नदीचा उतार मुळातच कमी. पाणी तुंबते, पसरते आणि हळूहळू चढत राहते. धो-धो लोंढा आला असता तर लोक पळाले असते. इथे तासाला काही इंच वाढणारे पाणी माणसाला शेवटपर्यंत ‘अजून वेळ आहे’ असे भासवत राहिले.

एकाच दिवशी, एकाच वेळी, साऱ्या काठाने मदत मागितली. आदल्या दोन दिवसांत खेपाखेपांनी निघू शकले असते तेवढे लोक आता काही तासांत निघू पाहत होते, तेही फक्त बोटीने. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महाजनादेश यात्रा थांबवली. पुणे विभागात लाखाहून अधिक लोक हलवले गेल्याचे आकडे पुढच्या दिवशी आले. हे काम थोडे नव्हते, हे मान्य करायलाच हवे. पण लाखाच्या आकड्यात न मोजलेले गाव आपापल्या बोटीवर होते.

बुधवार, ७ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसात. उरले १४ तास

अंधार पडला. पुरात रात्री बोट चालवणे जवळजवळ अशक्य. नदीतून जाणारी नाव आणि पुरातून जाणारी बोट यांत मोठा फरक आहे. नदीला खोल, मोकळे पात्र असते. पुरातली बोट शेतावरून, रस्त्यावरून, कुंपणावरून जाते. तिच्या खाली द्राक्षबागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा असतात, विजेचे खांब असतात, बाभळीचे शेंडे असतात. ऊस बुडाला की त्याची पाती पंख्याला गुंडाळतात. दिवसा जी फांदी दिसते ती रात्री दिसत नाही, आणि जी पाण्याखाली आहे ती दिवसाही दिसत नाही.

वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी संपत आलेली, वर पाऊस. अशा रात्री पाणी किती चढले हे पाहायला भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची आणि तासाने कंदील धरून बघायचे. रात्रभर रेघा बुडत राहिल्या की सकाळच्या पहिल्या बोटीसाठी कोणी मागे उभे राहत नाही. काठावरची गर्दी घडते ती अशा रात्रीतून.

गुरुवार, ८ ऑगस्ट, सकाळी सव्वासहा. उरले सव्वातीन तास

उजाडले. आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या घरात, म्हणजे २००५ पेक्षाही तीन-साडेतीन फूट वर. जमिनीचा उतार कमी असलेल्या मुलखात तीन फूट म्हणजे नवी आळी, नवी वस्ती, कधी न भिजलेले उंबरे.

ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढायला जी बोट होती ती ग्रामपंचायतीची. आपत्ती दलाची नव्हे, लष्कराची नव्हे. हा तपशील नंतर सरकारने वारंवार सांगितला, जणू त्याने जबाबदारी हलकी होते. आपत्ती दलाच्या रबरी बोटीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. चालक प्रशिक्षित, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, आणि चढणाऱ्यांना मोजून घेणारा जवान. गावाच्या बोटीजवळ यातले किती असते? इंजिन असते, हिंमत असते, गावची ओळख असते. ओळखीचा एक तोटा आहे: आपल्या माणसाला ‘तू उतर’ म्हणता येत नाही.

गुरुवार, सकाळी साडेआठ. उरला १ तास

आता हिशेब अगदी सोपा झाला होता. एक बोट, काठावर माणसे, वर चढणारे पाणी. बाहेर पडायची बाकी कुठलीही वाट नाही.

तीस माणसांचे वजन, लहान मुले धरूनही, दीड टनाच्या आसपास जाते. बोट तेवढ्या वजनाने खाली बसते, आणि पाण्याची कड व बोटीची कड यांतले अंतर वितीवर येते. ते अंतर म्हणजे बोटीची सारी सुरक्षितता. स्थिर पाण्यात अशी बोट चालते, म्हणूनच माणसे फसतात. निघताना ती डगमगत नाही. निघाल्यावर एखाद्याने उभे राहायचा अवकाश. बसलेल्यांचा भार खाली असतो. ते उभे राहिले की तो वर जातो, एका कडेला सरकले की कड पाण्यात जाते, आणि आत आलेले पाणी त्याच बाजूला धावते. इथून पुढे चालकाच्या हातात काही राहत नाही.

आईने मुलाला आधी चढवले आणि मग स्वतः चढली नाही, असे होत नसते. एका घरातली चार माणसे चार खेपांत निघत नाहीत. म्हणून बोटीत जागा किती हे चढणाऱ्यांच्या शहाणपणावर सोडता येत नाही. त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. तिथे कोणीतरी हवा असतो, ज्याचे कोणी चढणाऱ्यांत नाही आणि ज्याच्या शब्दाला सरकारी वजन आहे.

गुरुवार, सकाळी साडेनऊ. शून्य

त्या वेळच्या बातम्यांतून आणि वाचलेल्यांच्या सांगण्यातून जे पुढे आले ते असे: बोट वाटेत असताना पंखा झाडाच्या फांदीत अडकला. बोट धारेत अडली, हेलकावली. आतली माणसे घाबरून हलली. तोल गेला आणि बोट पालथी झाली.

ज्यांना पोहता येत होते त्यांतले काही काठाला लागले, काहींना गावकऱ्यांनी ओढून काढले. लुगड्या-साड्यांत, कडेवर पोर घेऊन बसलेल्या बायकांना तेवढाही अवधी मिळाला नाही. पहिल्या दिवशी ९ मृतदेह मिळाले. पुढच्या दिवसांत पाण्याने एकेक परत केले तसा आकडा वाढत १७ वर गेला.

त्यानंतर

दुसऱ्या दिवसापासून चर्चा मोठ्या गोष्टींकडे वळली. पाहणीला गेलेल्या जलसंपदा मंत्र्यांचा बोटीतून हात हलवतानाचा व्हिडिओ गाजला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने पाणी वेळेवर सोडले का, त्याची उंची वाढल्याने सांगली बुडते का, कोयना आधीच रिकामी का केली नाही, यावर वाद पेटला. सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने अलमट्टीला या पुराचे कारण मानले नाही. अतिवृष्टी, पूररेषेतली अतिक्रमणे आणि पात्रांची अवस्था यांकडे बोट दाखवले. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटायलाही हवा. पण अलमट्टीचा निकाल कसाही लागला तरी ब्रह्मनाळच्या काठावर पडलेला प्रश्न सुटत नाही: बोटीत चढणाऱ्यांना मोजायचे कोणी?

जुलै २०२१ मध्ये आयर्विनवर पाणी पुन्हा ५४ फुटांपुढे गेले. या वेळी लोकांजवळ २०१९ ची खूण होती. पण दर वेळी मागच्या पुराला शेवटचा मानत गेलो तर दर वेळी एक पूर असा येईल की ज्याची खूण भिंतीवर नाही.

नाव आणि माणूस यांचा हा हिशेब महापुरापुरता नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने बुडाली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा गेले. तिथे पूर नव्हता, गर्दी नव्हती, रोजची फेरी होती. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा, पाण्यावरून काही मिनिटे. म्हणून लोक वर्षानुवर्षे तीच वाट धरतात. आभाळ बघून ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार तिथेही कोणाला दिलेला नव्हता.

कायदा नाही असे नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता, जीवरक्षक साधने, अपघाताची चौकशी, हे सारे त्यात आहे. बिनयांत्रिक नावांच्या नोंदीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे जाते. म्हणजे ग्रामपंचायत आता बोटीची फक्त मालक राहत नाही, पाण्यावरच्या सुरक्षिततेतली एक यंत्रणा ठरते.

त्या यंत्रणेला करायच्या गोष्टी महागड्या नाहीत. बोटीच्या कडेवर ठळक रंगाची भाररेषा आणि तिच्यावर माणसांचा आकडा. जॅकेट तितकीच, आणि ती तालुक्याच्या गोदामात न ठेवता गावात. पावसाळ्याच्या तोंडाशी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यापैकी एकाचे नाव लेखी ठरलेले: काठावर मोजणी हा करील आणि याने थांबवले की बोट थांबेल. त्याला गावच्या रोषापासून संरक्षण देणे हे तहसीलदाराचे काम. आणि या सगळ्याच्या आधी, आयर्विनच्या ठरलेल्या फुटाला प्रत्येक गावाचा रस्ता किती तासांनी बुडतो याचा तक्ता चावडीवर लावलेला. त्या तक्त्यातली वेळ गाठून जनावरांसकट ट्रॅक्टर आणि एसटीने निघता येईल, अशी छावणी चाऱ्यासह तयार असेल तर म्हशीपायी कोणी मागे राहणार नाही.

शंभर तासांपैकी पहिल्या पन्नासांत गाव रस्त्याने रिकामे करता आले असते. शेवटच्या एका तासात बोट फक्त निम्मी भरायला हवी होती. पहिले काम प्रशासनाच्या वेळापत्रकाचे आहे, दुसरे काठावर उभ्या असलेल्या एका अधिकारी माणसाचे. पुढच्या पावसाळ्याआधी कृष्णाकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या तहसीलदाराला लेखी विचारावे: आमच्या घाटावर तो माणूस कोण?